चिऱ्यावरचा भात

१

आमच्या वाडीत खरं बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. बाकीचे मला थापाड्या म्हणतात, ती त्यांची हौस. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मास्तरांना माझा कंटाळा येईपर्यंत. पण शिमग्याच्या खेळ्यांत मावशीचं सोंग घ्यायचो मी. लुगडं नेसून, कपाळाला आडवं कुंकू ओढून बोलायला लागलो की बायका नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या: बघा, बाईमाणूस कसं गोड बोलतं ते. सांगायचं कारण, माझ्या गळ्यातून कोणाचाही आवाज निघतो. खोतांचा निघतो, खोतीणबाईंचा निघतो, हातखंब्याला यष्टीतून उतरून "इकडे रिक्षा मिळेल काय?" विचारणाऱ्या मुंबईकराचा तर झोपेतसुद्धा निघतो.

माझं नाव केरू. एकदाच सांगतो. वाचताना मोठ्याने वाचू नका म्हणजे झालं.

आप्पा खोतांचं घर माझ्या घराला लागून. खोती कुळकायद्यात गेली, पण नाव चिकटून राहिलं. घर मात्र ठणठणीत. ओटीवर नवी फरशी, स्वयंपाकघरात गॅस, आप्पांच्या उशाशी रेडिओ. मी दिवसातला अर्धा वेळ त्यांच्याच ओटीवर असायचो. चिमा, म्हणजे माझी बायको, म्हणायची की तुमची गादी तिकडेच घालून देते.

त्या घरात दुपारी एक गोष्ट व्हायची. पुरुषांची जेवणं आटोपली की कमलावहिनी, आप्पांची बायको, मागचं दार उघडायच्या. पडवीच्या पायरीखाली जांभ्याचा एक चिरा आहे. त्यावर मूठभर भात, भातावर कुळथाची पिठी घालायच्या आणि विहिरीच्या दिशेला तोंड करून म्हणायच्या, "जेवून घे गो." लगेच दार लावायच्या, मग स्वतः पाटावर बसायच्या. रोज. सणाला भातावर तूप, एवढाच फरक.

कोणाला म्हणतात, ते कोणी विचारलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, सासूबाई म्हणायच्या. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. मी गावभर उठवलं की वहिनींनी मुंगूस पाळलंय. थोडे दिवसांनी मुंगसाचा कंटाळा आला, तेव्हा आप्पांची पहिली बायको विहिरीत राहते असं उठवलं. आप्पा रागावले, कारण त्यांची बायको पहिलीच.

२

पंच्याऐंशी साली शिमगा उरकल्यावर भागोजीची राही गावी आली. भागोजी बौद्धवाडीतला, मुंबईच्या गोदीत उमर काढून परतलेला. पोरगी तिकडेच शिकली, शिकतच राहिली, आणि आता एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होती. खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून दारोदार म्हाताऱ्यांना बोलतं करीत फिरायची. मी विचारलं, कसला अभ्यास? म्हणाली, गुलामांचा. म्हटलं, मग चल माझ्या घरी, लग्नाला किती वर्षं झाली ते चिमाला विचार.

ती हसली आणि मग सांगितलंन. आपल्याच मुलखात माणसं विकली जायची. बायका जास्त. दुष्काळात, लुटीत, कर्जात. बटीक म्हणायचे त्यांना. मोठ्या घरांतून दळणं, कांडणं, शेण, भांडी करून त्या मरून जायच्या. "विकणाऱ्याचं नाव मिळतं, काका," म्हणाली, "घेणाऱ्याचं मिळतं. बाईच्या जागी नुसतं बटीक."

तिच्या सरांनी तिला सांगितलं होतं, एक तरी नाव शोधून आण, गावाला आठवत असलेलं, मग तुझ्या कामात जीव येईल. पावसाळा सरला की कायमच्या जागेसाठी मुलाखत होती. ती जागा मिळाली नाही तर तात्पुरती नोकरीही जाणार. भागोजी पोरीचं कौतुक सांगायचा तेव्हा मधेच थांबून आकाशाकडे बघायचा, ते ह्यासाठी.

गावाने तिला बरंच ऐकवलं. कोणी भुताचं, कोणी आंब्याच्या दराचं, कोणी मुंबईच्या सुनेचं. मी तोंड उघडलं की ती टेपचं बटण बंद करायची. हुशार पोर.

आप्पांनी तिला आपण होऊन बोलावलं, ओटीवर खुर्ची दिली. तिच्या आजीला त्या घराचं पुढलं दार कसं असतं ते ठाऊक नव्हतं. चहा आला. मला नेहमीच्या पितळी पेल्यात, राहीला कपबशीत. कान असलेली, वेगळ्या फळीवर ठेवलेली ती कपबशी त्या घरात कोणासाठी निघते ते मला माहीत, तिला माहीत, कपबशीलासुद्धा माहीत. म्हटलं, "वहिनी, मलापण कपात द्या. थोडं शिक्षण वाढू दे आमचं." वहिनी हसल्या नाहीत. राही कप उचलून चहा प्यायला लागली.

दुपार झाली होती, आप्पा जेवून बसले होते. आतून मागचं दार वाजलं आणि हाक आली, जेवून घे गो.

राहीचा कप अधांतरी राहिला. तिने आप्पांना विचारलं, कोणाला म्हणाल्या? आप्पांनी विचारलं, कोण काय म्हणालं? जन्म गेला त्या घरात, पण त्यांच्या कानांपर्यंत ती हाक कधी पोचली नव्हती.

परत जाताना राही मला म्हणाली, सगळा गाव पालथा घातला आणि आठवण मिळाली ती एका मुठीत. तिचा चेहरा बघून मला आनंद झाला. आणि मला आनंद झाला की काय होतं ते गावाला विचारा.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोफळींच्या आडून खोतांच्या परसात शिरलो आणि गवताच्या उडवीमागे उकिडवा बसलो. बेत सरळ होता. वहिनी "जेवून घे गो" म्हणणार, आणि मी मावशीच्या आवाजात, जरा थकलेला सूर लावून म्हणणार, "व्हय." वहिनींची पळी पडेल, राही पडवीच्या उडवीकडल्या कोपऱ्यावर टेप लावून बसली होती तिला काहीतरी मिळेल, मला वर्षभराची गोष्ट मिळेल.

ऊन रणरणत होतं. उडवीतून तापलेल्या गवताचा वास येत होता. विहिरीच्या बाजूने भांडी घासल्याचा आवाज चालला होता, नारळाच्या सोडणाने आणि राखेने, खस्स, खस्स. म्हटलं, नंदा आज लवकर बसली भांड्यांना. नंदा त्यांची सून, नवरा मुंबईला. मग मनात आलं, अजून बायका जेवल्या नाहीत तर भांडी कसली? पण मी आवाज जुळवण्यात गुंतलो होतो.

दार उघडलं. भात चिऱ्यावर पडला. "जेवून घे गो."

मी श्वास घेतला.

"व्हय," कोणीतरी म्हणालं.

उडवी आणि विहीर यांच्यामधून. घासणं तेवढ्या शब्दापुरतं थांबलं आणि परत सुरू झालं. भुताचा आवाज मला काढता येतो, तो असा नसतो. हा साधा बाईमाणसाचा होता. मान वर न करता, अजून पुष्कळ काम पडलंय अशा घाईत दिलेली ओ.

माझं तोंड उघडं होतं आणि श्वास आतच होता.

वहिनी पायरीवर थिजल्या. मग म्हणाल्या, "केरू, मेल्या, बाहेर ये." आणि आयुष्यभर सोंगं नाचवलेला माणूस काय करणार? बाहेर आलो, कमरेत वाकून मुजरा केला. वहिनींनी चार शिव्या घातल्या, त्या मी मान तुकवून घेतल्या. दुसऱ्याच्या खोडीचं श्रेयसुद्धा मला सोडवत नाही.

जाताना सहज विहिरीकडे वळलो. भांडी घासायचा दगड कोरडा. राखेचं मडकं उपडं पडलेलं.

मी माझ्या मनाला समजावलं. इतकी वर्षं खोटं बोललेलं तोंड आहे, धन्याला न विचारता एखादे वेळी पुढे गेलं असेल.

४

राही माझ्या अंगणात आली तेव्हा चिमा सुपातल्या मिरच्या उन्हात पसरत होती. राहीने टेप लावला. वहिनींची हाक, मग ती ओ. म्हणाली, काका, आता तुम्ही म्हणा. मी व्हय म्हटलं. जाड म्हटलं, बारीक म्हटलं, म्हातारीचं म्हटलं, तरणीचं म्हटलं. चिमा मिरच्या सोडून हसायला लागली. राही हसत नव्हती. तिने टेप मागे घेतला आणि परत लावला.

"हा श्वास कोणाचा?" तिने विचारलं.

टेपात हाकेनंतर कोणीतरी जोरात श्वास आत घेतो. तो माझा, नाकातल्या शिट्टीसकट. मग "व्हय". आणि त्याच्यानंतर तो श्वास बाहेर येतो. माझा श्वास आत होता तेव्हा ती बोलली होती. इतकं साधं होतं ते. चौथीपर्यंत शिकलेल्यालाही कळेल असं.

त्यात नंदाने भर घातली. विहिरीवर भेटली तेव्हा हळूच म्हणाली, काका, मी खिडकीतून बघत होते, तुमचा नुसता आ वासलेला होता, ओठ हललेच नाहीत. मी म्हटलं, तीच तर कला. ती हसली नाही. आता त्या घरात कोणीच माझ्या विनोदाला हसेना, ही मला पहिली वाईट खूण वाटली.

राही घाबरली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे चमकत होते.

५

वहिनी नको म्हणत होत्या. सासूबाईंनी घालून दिलेलं तेवढंच माहीत होतं त्यांना: जेव म्हणायचं, पुढे बोलायचं नाही, दार लावायचं.

राहीने विचारलं, "इतक्या पिढ्या जेवायला घालताय. नाव कोणी विचारलं नाही?"

"विचारून काय करायचं होतं?" वहिनी म्हणाल्या. "नाव घेतलं नाही तरी काम होत होतं."

हे त्या कुजकटपणाने बोलल्या नाहीत. तांदूळ निवडता निवडता, खरं ते बोलल्या. राही हटेना. शेवटी वहिनी म्हणाल्या, तुला काय करायचं ते बाहेर उभी राहून कर, मी माझा शब्द बोलेन नि दार लावीन.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी राही पहिल्यांदा पडवी सोडून खाली चिऱ्यापाशी आली. मी सोबत. ह्या पोरीला एकटी कशी सोडू, असं मी चिमाला सांगून निघालो होतो. खरं म्हणजे मला चुकवायचं नव्हतं. चिऱ्यापासून हातभर लांब राहीने टेप ठेवला आणि म्हणाली, "आजी माझी इथेच उभी राहायची, काका. ताकासाठी."

खस्स, खस्स चाललं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

दार उघडलं. भात पडला. जेवून घे गो. दार लागलं, कडीसुद्धा लागली.

"व्हय."

"बाय," राहीने विचारलं, "तुझं नाव काय?"

घासणं थांबलं. ह्या वेळी परत सुरू झालं नाही. आप्पांच्या रेडिओवर कोणीतरी बाजारभाव सांगत होतं ते घरातून ह्या बाजूपर्यंत ऐकू यायला लागलं. माडावरचा कावळा मान वाकडी करून उडवीच्या पलीकडे बघत होता. आणि मी बघितलं की उडवीच्या कडेला एक कोपर आहे. राखेने माखलेलं, काळं, बारीक कोपर, घासता घासता थांबलेलं. तेवढंच. बाकीचं गवतापलीकडे.

ते कोपर बराच वेळ हललं नाही. आमच्या शाळेत ज्याला उत्तर येत नसे ते पोर शेजारच्याच्या पाटीत डोकवायचं. मी स्वतः तसाच चौथीपर्यंत आलो. तसं कोणीतरी माझ्याकडे डोकवतंय असं मला वाटलं. माझ्या पाटीत.

मग तोच आवाज म्हणाला, "केरू."

मला हसू आलं. म्हटलं, बाईला माझंच नाव आवडलं. राहीकडे वळलो तर ती दोन पावलं मागे सरकली होती.

"काय ऐकलंत?" ती म्हणाली.

"तू सांग आधी."

"राही म्हणाली ती. स्पष्ट."

आम्ही दोघं उडवीकडे वळलो. गवताच्या काडीवर राखेचं बोट उमटलेलं होतं. कोपर नव्हतं.

टेप लावून बघितला. राहीचा प्रश्न होता, बाजारभाव होते. उत्तराच्या जागी नुसती खरखर. सरांना द्यायला नाव नव्हतंच. राहीने टेप खांद्याला लावला आणि म्हणाली, "नाव मागायला आले होते, काका." दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती मुंबईला गेली.

६

दुसऱ्या दिवशी चिऱ्यावरचा भात तसाच राहिला. कावळा खाली उतरला नाही, मुंगी लागली नाही. वहिनींनी संध्याकाळी तो माडाच्या बुंध्यात टाकला. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. एखादं माणूस न सांगता काम सोडून गेल्यावर होतो तसा होता. तरी हाक चालू ठेवलीनी. सवय.

मग एकदा मी खोतांच्या पुढल्या गडग्यावर काटेरी शिराट्या लावीत होतो. आप्पांनी ओटीवरून हाक मारली, केरू रे. मी "ओ" म्हणायला तोंड उघडतोय तोच घराच्या मागून आली, "ओ." बाईच्या आवाजात. आप्पा म्हणाले, काय हा चाळा, शिमगा होऊन किती दिवस झाले? मी हसलो. काय सांगणार होतो त्यांना?

भातलावणीच्या दिवसांत परत तसंच झालं. आवाज आता ना धड बाईचा, ना बाप्याचा. माझ्याच एखाद्या नकलेसारखा. नकलेची नक्कल कशी होते ते मला पहिल्यांदा कळलं. बरी नव्हती.

पुढच्या खेपेला आवाज माझाच होता. ओ, आणि ओ संपल्यावर माझा खोकला. माणसाला स्वतःचा खोकला ओळखू येतो. त्या दिवशी मी आप्पांसमोर जाऊन उभा राहिलो, तर आप्पा माझ्या खांद्यावरून मागे बघत बोलत राहिले. कुंपणाचं बोलले, पावसाचं बोलले, मधेच कशाला तरी हसले. मी काही बोललोच नव्हतो. जाईपर्यंत एकदाही त्यांची नजर माझ्यावर आली नाही.

मी विचार केला. म्हातारे आहेत, मोतीबिंदू असेल. मोतीबिंदूने माणूस न केलेल्या विनोदाला हसतो काय, तेवढा विचार मात्र केला नाही.

घरी येऊन मी फर्मान काढलं: मला नावाने हाक मारायची नाही. म्हातारा म्हणा, मेल्या म्हणा, काका म्हणा. रत्नागिरीच्या ज्योतिषाने सांगितलंय, नावाला ग्रहण आहे. गाव हसला आणि ऐकलंन. चिमाचा तर प्रश्नच नव्हता. लग्न झाल्यापासून तिने माझं नाव घेतलं नव्हतं. हाक मारायची झाली की "ऐकलंत काय?" म्हणून भिंतीला सांगायची. जुन्या बायकांच्या ह्या रीतीची मी जन्मभर टिंगल केली. आता रात्री निजताना तिचे पाय चेपावेसे वाटत होते.

७

भातकापणीत राही आली. मला हातखंब्याला निरोप पाठवून बोलावलं तिने, गावात पाऊल टाकायचं नव्हतं तिला. चहाच्या दुकानात बाकावर बसली होती, पाठ भिंतीला घट्ट लावून.

मुलाखतीचं सांगितलं. लांबलचक व्हरांडा, बाकावर बसलेली माणसं, दाराशी शिपाई. शिपायाने नाव पुकारलं. ती उठायला गेली तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून, तिच्या मागून कोणीतरी "हो" म्हणालं. शिपायाने तिच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं, मान हलवली, दार उघडून धरलं. दार लागलं. राही उभीच. बऱ्याच वेळाने ती दार ढकलून आत गेली तेव्हा समोरचे साहेब प्रेमाने म्हणाले, अहो, झालं की तुमचं, काही राहिलं काय?

"काय विचारलं, मी काय सांगितलं, मला काही माहीत नाही," राही म्हणाली. "पण त्यातल्या एकाचे डोळे पुसून लाल झाले होते. म्हणाले, ह्या विषयावर इतकं आतून बोललेलं कधी ऐकलं नव्हतं."

"मग जागा?"

"मिळाली."

चहावर साय धरत होती. मी म्हटलं, बाय, मग चांगलंच झालं ना? ती नोकरी मिळवते, तू पगार घे. मला वाटलं ती हसेल.

"मी गेले नाही तर ती जाईल, काका."

"आणि गेलीस तर?"

ती पिशवी घेऊन उठली. मुंबईची गाडी आली. कंडक्टरने बाहेर डोकावून विचारलं, एकच ना? आणि राहीने आधी मागे वळून बघितलं, मग म्हणाली, एकच.

८

पुढल्या साली, आंबे उतरायच्या दिवसांत, नंदाचं डोहाळजेवण निघालं. भागोजी महिनाभर पेढे वाटत होता, पोरगी कायम झाली, पेपरात फोटो आला. नंदाने हट्ट धरला की राहीताईला बोलवायचंच. आणि राही आली. निळी रेशमी साडी, पुढल्या दाराने, उजवं पाऊल टाकून. जाजमाच्या मधोमध बसली. वहिनींनी स्वतः तिला चहा नेऊन दिला. पितळी पेल्यात. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, माझ्या आलं. बरंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

मी ओटीच्या कडेला खांबाला टेकून बसलो होतो. राही माझ्याकडे बघेना. हातखंब्याच्या त्या दिवसानंतर एक शब्द नाही, एक ओळ नाही. म्हणून मी हलकेच हाक मारली, राही.

"व्हय," ती म्हणाली. मान वर न करता. अजून पुष्कळ काम पडलंय अशा घाईत.

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

आत उखाणे सुरू झाले होते. नंदाने नवऱ्याचं नाव घेतलं, वहिनींनी घेतलं. मग सगळ्या चिमाच्या मागे लागल्या. काकू, आज सुटका नाही, लग्नात घेतलं असेल त्यानंतर आजच. मी उठलो, दोन्ही हात हलवून नको नको करायला लागलो. सगळ्या जणी हसून लोळल्या. मी तोंडावर बोट ठेवलं, कान धरले, त्या आणखी हसल्या. जन्मभर मी दुसरं काय केलं होतं? चिमा त्या वयात लाजली. पदर सारखा केलान आणि म्हणाली:

"आंब्याला मोहोर, फणसाला चीक,
केरूरावांचं नाव घेते, म्हातारं अजून ठीक."

"ओ."

मागच्या दाराकडून. माझा आवाज, माझा खोकला.

घर हसण्याने दणाणलं. आला मावशीबाईचा फेरा, असं कोणीतरी म्हणालं. बायकांच्या खांद्यांमधून मला एक सदरा दिसला, कोपरावर चिमाने लावलेलं ठिगळ असलेला. मी खाली बघितलं. माझ्या अंगातही तोच होता. चिमा त्या सदऱ्याकडे वळून म्हणाली, कुठे होतात एवढा वेळ? तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी किती वर्षांत बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, चिमा. मोठ्याने म्हटलं. कोणी मान वळवली नाही. आप्पा रेडिओचं बटण फिरवत होते. माझ्याकडे फक्त राहीने बघितलं, पितळी पेल्याच्या काठावरून. पंगत उठल्यावर उरलेल्या भांड्यांकडे बघतात तसं.

घरी जावं म्हणून मी पुढल्या पायऱ्या उतरलो. घरी जायची वाट डावीकडे आहे. पाय उजवीकडे वळले, घराला वळसा घालून, पोफळींच्या कडेने, उडवीपाशी आले. गवताच्या सावलीत कोणीतरी बसलं होतं, मांडीवर बंद पडलेला टेपरेकॉर्डर. हात कोपरापर्यंत राखेने माखलेले.

"आलात, काका," राही म्हणाली आणि जरा सरकली.

मी शेजारी बसलो. म्हटलं, ती आत पेढे खात बसलीय ती ती, हे समजलं. माझ्या जागेवर गेला तो कोण? ती तर एकटी होती ना?

"काका," राही म्हणाली, "एवढं मोठं घर एकटीने चालतं होय?"

विहिरीपलीकडून घासण्याचा आवाज येत होता. एक नव्हे. मी उठून बघणार होतो. अर्धा उठलो, कुंपणाच्या फटीतून वाकलेल्या पाठी दिसायला लागल्या, एकीपलीकडे एक, थेट पोफळींच्या अंधारापर्यंत, आणि मी परत बसलो.

मागचं दार उघडलं. सणाचा दिवस, भातावर तूप होतं. वहिनी आमच्या डोक्यांवरून विहिरीकडे बघत म्हणाल्या, "जेवून घे गो."

आणि दार लावलं.

मी श्वास घेतला होताच. ह्या वेळी तो व्हय होऊन माझ्याच तोंडून बाहेर आला.

तर असं आहे. भात वेळेवर मिळतो, तक्रार नाही. ओटीवर तो माझ्या गोष्टी सांगतो, लोक हसतात, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा जरा बऱ्याच सांगतो. मुंबईत ती उभी राहून बोलते तेव्हा माणसं रडतात म्हणे. राही म्हणते, बोलू दे तिला, तिचंच आहे ते. रागाने म्हणते की कौतुकाने, अजून ओळखू आलं नाही.

तुम्ही कधी ह्या बाजूला आलात तर मागच्या अंगाने या. जेवलात काय, एवढं विचारा. नाव विचारू नका.

नाहीतर असं करा, विचाराच.